इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा: खऱ्या कुठल्या, रचलेल्या कुठल्या आणि ओळखायच्या कशा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नववी-दहावीला इंग्रजी शिकवता, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजी वाक्प्रचारांच्या उगमाची एक लांबलचक पोस्ट आली, त्यात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', 'सेव्ह्ड बाय द बेल', 'बाइट द बुलेट' वगैरे सगळं आहे, गोष्ट सांगितली की मुलांच्या लक्षात राहतं हा तुमचा अनुभव, आणि आता तुम्हाला हे हवंय की यातल्या खऱ्या किती, आणि खरं-खोटं ओळखायचं कसं.

मी भाषांतराचं काम करतो, थोडंफार शिकवतोही, त्यामुळे हे वाक्प्रचार रोज हाताखालून जातात. सरळ सांगतो, त्या पोस्टमधल्या बऱ्याचशा गोष्टी रचलेल्या आहेत. १९९९ साली 'लाइफ इन द १५००ज' नावाचा एक इमेल जगभर फिरला होता, सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधलं जगणं कसं होतं आणि त्यातून कुठले वाक्प्रचार आले असं सांगणारा, आणि तुम्ही दिलेल्या नावांपैकी पहिली दोन थेट त्यातली आहेत. तोच मजकूर तुकड्यातुकड्याने वेगवेगळ्या भाषांत अजून फिरतोय.

ओळखायचं कसं, तर गोष्ट किती रंजक आहे ते नंतर, आधी साल विचारायचं. हा वाक्प्रचार छापील किंवा लिखित स्वरूपात पहिल्यांदा कधी सापडतो? कुठल्या देशात? आणि तेव्हा त्याचा अर्थ आजचाच होता का वेगळा? गोष्ट सोळाव्या शतकातली आणि वाक्प्रचार लिखाणात पहिल्यांदा दिसतो तो थेट विसाव्या शतकात, तेही अमेरिकेत, तर मधली सगळी शतकं तो कुठे होता याचं उत्तर गोष्ट सांगणाऱ्याने द्यायला पाहिजे. 'स्पिल द बीन्स' घ्या. प्राचीन ग्रीसमध्ये मडक्यात काळ्या-पांढऱ्या बिया टाकून गुप्त मतदान व्हायचं, कुणाच्या तरी हातून मडकं लवंडलं, बिया सांडल्या, गुपित फुटलं, म्हणून हा वाक्प्रचार. ऐकायला किती बरोबर वाटतं! पण हा शब्दप्रयोग मिळतो तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ गुपित फोडणं असा नव्हताच, जमत आलेलं काम बिघडवणं असा होता. ग्रीसपासून अमेरिकेपर्यंत दोन हजारांवर वर्षं हा वाक्प्रचार कुठल्याही भाषेत दिसत नाही. म्हणजे गोष्ट मागाहून चिकटवलेली.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची गोष्ट अशी सांगतात की गवताने शाकारलेल्या छपरात मांजरं-कुत्री ऊब धरून झोपायची, पाऊस आला की छप्पर निसरडं होऊन ती खाली पडायची. कोकणात किंवा मावळात ज्याने शाकारलेलं छप्पर जवळून बघितलंय त्याला हे सांगायलाच नको, चांगल्या शाकारणीत कुत्रं शिरत नाही आणि पावसात तर अजिबात वर चढून बसत नाही. लिखित पुरावा असा की १६५१ मध्ये हेन्री व्हॉन या कवीने कुत्र्या-मांजरांच्या पावसासारखी प्रतिमा वापरली, त्याच सुमाराला एका नाटकात कुत्रे आणि पोलकॅट (मुंगसाएवढा, घाण वास सोडणारा प्राणी) यांचा पाऊस आहे, आणि आजच्या रूपात तो जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या संवादसंग्रहात येतो. स्विफ्टने त्याआधी १७१० मध्ये लंडनच्या पावसावर एक कविता लिहिली होती, तिच्यात गटारं तुंबून बुडालेली कुत्र्याची पिल्लं आणि मेलेली मांजरं वाहत येतात, त्यामुळे काही जण उगम तिथे शोधतात, पण वर दिलेली उदाहरणं त्याच्या आधीची आहेत. नेमका उगम ठरलेला नाही. वर्गात एवढंच सांगा, आणि स्विफ्टच्या कवितेतला तो प्रसंग सांगा, मुलांना तो छपरापेक्षा जास्त लक्षात राहील.

'सेव्ह्ड बाय द बेल' आणि 'डेड रिंगर' हे दोन त्या पोस्टमध्ये एकत्र येतात, जिवंत माणसाला चुकून पुरायचे म्हणून शवपेटीतून वर घंटेला दोरी बांधायचे वगैरे. शवपेटीला घंटा लावायच्या योजना एकोणिसाव्या शतकात खरंच निघाल्या होत्या, त्यामुळे लोकांना पटतं, पण वाक्प्रचारांचा त्यांच्याशी संबंध नाही. पहिला बॉक्सिंगमधला आहे, राउंड संपल्याची घंटा वाजली आणि मार खाणारा वाचला. दुसरा अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींचा, तिथे 'रिंगर' म्हणजे दुसऱ्याच्या नावावर पळवलेला, हुबेहूब तसाच दिसणारा घोडा, आणि 'डेड' म्हणजे इथे 'अगदी तंतोतंत', जसं 'डेड सेंटर' म्हणतात. मेल्याचा काही संबंध नाही. बघा, खोटी गोष्ट सांगितली की अर्थही बिघडतो, मुलगा 'डेड' वाचून मरण समजतो आणि भाषांतरात भलतंच लिहितो, असे पेपर मी तपासलेत.

आता 'बाइट द बुलेट'वर जरा थांबतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध जोडला जातो. आपल्याकडे हमखास सांगतात की हा १८५७ चा, एनफिल्ड रायफलची काडतुसं शिपायांना दाताने तोडावी लागायची, त्याला गायीची आणि डुकराची चरबी लावलेली असते अशी बातमी पसरली, आणि 'चावा गोळी' हा हुकूम म्हणजेच 'बाइट द बुलेट'. ही गोष्ट कुणालाही खरी वाटावी अशी आहे, कारण तिच्यातला इतिहास बरोबर आहे. पण काडतूस म्हणजे काय ते नीट बघा. ती कागदाची पुंगळी असायची, आत मोजून घातलेली दारू आणि दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपायाने पुंगळीचं दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळीचं टोक नळीत घालून गजाने ठासायचं. म्हणजे दाताखाली यायचा कागद, गोळी नव्हे. शिवाय अर्थही जुळत नाही, १८५७ चा मुद्दा धर्म बाटण्याचा होता आणि वाक्प्रचाराचा अर्थ आहे वेदना निमूट सोसणं.

साल विचारलं की उत्तर मिळतं. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने १७८५ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीचा एक कोश काढला, त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल' या शब्दाखाली एक नोंद आहे. नाइटिंगेल म्हणजे रात्री गाणारा पक्षी, पण सैन्यात हे नाव त्या शिपायाला होतं जो फटके खाताना ओरडतो. नऊ शेपटांच्या चाबकाने उघड्या पाठीवर फटके, आणि काही पलटणींतल्या ग्रेनेडिअर शिपायांमध्ये ओरडायचं नाही हा इभ्रतीचा प्रश्न, म्हणून ते तोंडात शिशाची गोळी धरून चावायचे असं ग्रोस सांगतो. हे १८५७ च्या साठेक वर्षं आधीचं. पुढे १८९१ च्या एका कादंबरीत रुडयार्ड किपलिंगने एका मित्राच्या तोंडी दुसऱ्याला धीर देताना 'बाइट ऑन द बुलेट' असं वाक्य घातलं आणि तिथून आजचा अर्थ स्पष्ट दिसतो. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, तेव्हा मुंबईचा धागा हवाच असेल तर तो इथे आहे. भूल द्यायच्या आधीच्या काळात शस्त्रक्रिया करताना जखमी सैनिक गोळी चावायचे असंही सांगतात, पण ग्रोसच्या नोंदीत शस्त्रक्रिया नाही, फटके आहेत.

त्याच ग्रोसच्या कोशात १७८५ मध्ये 'किक द बकेट' आहे, अर्थ सरळ, मरणं. इथे बादलीवर उभं राहून गळफास घ्यायचा आणि बादली लाथेने उडवायची ही गोष्ट सगळीकडे आहे. पण इंग्लंडच्या काही भागांत 'बकेट' हा शब्द आडव्या तुळईलाही होता, जिच्यावर कापलेलं डुक्कर मागच्या पायांनी उलटं टांगायचे, आणि शेक्सपिअरने 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागात 'बकेट' याच अर्थाने वापरलाय. टांगलेलं जनावर झटके देताना पाय तुळईला आपटतात. मला हे जास्त पटतं, पण पूर्ण सिद्ध झालंय असं मुलांना सांगू नका.

यात कोशांबरोबर जुनी वर्तमानपत्रं किती कामी येतात त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'द होल नाइन यार्ड्स'. मराठी माणसाला इथे मोह आवरत नाही, कारण नऊ यार्ड म्हणजे नऊ वार, म्हणजे नऊवारी! अख्खी नऊवार साडी, म्हणजे सगळं काही, काही शिल्लक नाही. भारतीय साडीवरून हा वाक्प्रचार आला असं लिहिणारे लोक नेटवर आहेत. अमेरिकेत याच्या स्पर्धेत दुसऱ्या गोष्टी आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा पट्टा २७ फूट म्हणजे नऊ यार्ड होता, तो सगळा संपवला म्हणजे 'होल नाइन यार्ड्स', किंवा काँक्रीटच्या मिक्सर ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल बसायचा. बॉनी टेलर-ब्लेक आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयातले फ्रेड शपिरो यांनी आणि इतर हौशी शोधकांनी जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटल साठे चाळले, तेव्हा काय निघालं, तर १९१२ मध्ये केंटकीच्या एका छोट्या गावातल्या पेपरात 'द होल सिक्स यार्ड्स', सहा यार्ड! आणि १९०७ मध्ये शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका गावच्या पेपरात बेसबॉल सामन्याच्या बातमीत 'फुल नाइन यार्ड्स'. म्हणजे महायुद्ध बाद, मिक्सर बाद, आणि आकडा सहा का नऊ हेच ठरलेलं नव्हतं म्हटल्यावर कुठल्याही नऊ वारांच्या वस्तूवरून हा आला असं म्हणताच येत नाही, नऊवारीही बाद. आकडा इथे मापाचा नाहीच, 'भरपूर' एवढंच सांगणारा आहे. शपिरोंचं म्हणणं असं की असे आकडे वापरात फुगत जातात, 'क्लाउड नाइन'च्या (म्हणजे अत्यानंदात असणं) आधीही 'क्लाउड सेव्हन' आणि 'क्लाउड एट' म्हणणारे लोक होतेच.

मग भारतातून खरंच गेलेलं काही आहे का? आहे, आणि ते फार सुंदर आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ मध्ये काढला, त्यात 'चीज' शब्दाची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत 'दॅट्स द चीज' म्हणजे 'ही खरी चीज', अगदी अस्सल वस्तू. हे पनीर-लोण्यातलं चीज नव्हे, हा फारसी-उर्दूतला 'चीज' म्हणजे वस्तू, तोच जो आपण 'ही काय चीज आहे' म्हणताना वापरतो, आणि गाण्यातली 'चीज'ही तोच शब्द. पुढे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच्यातूनच 'द बिग चीज' म्हणजे बडी असामी असा वापर रूढ झाल्याचं मानतात. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम सरसावून बसतात. दुसरं 'फर्स्ट चॉप', म्हणजे पहिल्या प्रतीचं, हा आज फारसा ऐकू येत नाही पण जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत भेटतो, हा चॉप म्हणजे आपला 'छाप', मालावर मारलेला शिक्का.

आणि त्याच कोशात एक फसवी नोंदही आहे. 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' यातला 'डॅम' म्हणजे शिवी नसून आपलं तांब्याचं नाणं 'दाम' असावं, असा तर्क त्यात मांडलाय, जसं आपण 'छदाम देणार नाही', 'दमडीची किंमत नाही' म्हणतो. वाचताक्षणी पटतं ना? मलाही मनापासून आवडलं असतं. पण ऑक्सफर्ड कोशाने हा तर्क नाकारलाय, कारण इंग्रजीत हा प्रयोग शाप देण्याच्या 'डॅम'शी जोडलेलाच मिळतो, ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७६० च्या सुमारास 'तीन डॅम्स'चीसुद्धा पर्वा नाही अशा अर्थाचं वाक्य लिहिलंय, तेही इंग्लंडमधल्या शिवीच्याच वापरातलं. दोन भाषांत सारखी कल्पना असली म्हणजे एकीने दुसरीकडून घेतली असं होत नाही. 'पॉश'चंही तेच, इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या जहाजावर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची थंड केबिन श्रीमंत लोक घ्यायचे, तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. असं शिक्क्याचं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आद्याक्षरांवरून शब्द झाला अशी जुन्या शब्दाची गोष्ट दिसली की शंभरातल्या नव्याण्णव वेळा सोडून द्या. आद्याक्षरांचे शब्द बनवायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली.

आता खऱ्या गोष्टींकडे. मॅडम, तुम्हाला वर्गात गोष्टी हव्यात तर जहाजावरचे वाक्प्रचार घ्या, कारण तिथे वस्तू दाखवता येते आणि वस्तू कळली की अर्थ सुटतो. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे झिंगलेला, तर्र. सगळ्यांना वाटतं 'शीट' म्हणजे शीड. नाही. शीडाच्या जहाजावर शीडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेल्या, शीड ताणून धरणाऱ्या दोराला 'शीट' म्हणतात. तो दोर सुटला की शीड वाऱ्यावर फडफडायला लागतं, वारा पकडत नाही. एक सुटला तर जहाज जरा डळमळेल, तीन सुटले तर जहाज कुठेही जाईल, लाटेवर डोलत, दारू प्यायलेल्या खलाशासारखं. सुरुवातीच्या लिखाणात 'इन द विंड' असं आहे, १८२१ मधल्या पिअर्स ईगनच्या लंडनवरच्या पुस्तकात ते मिळतं. फळ्यावर एक शीड काढा, खाली दोर काढा, दोर पुसा, मुलांना विचारा आता शीडाचं काय होईल. 'बेडशीट'चा चादरवाला अर्थ डोक्यात धरून बसलेल्या मुलाला हा वाक्प्रचार कधीच कळत नाही.

'टेकन अबॅक'ही तिथलाच, वारा अचानक समोरून आला की शीड डोलकाठीवर उलटं दाबलं जातं आणि चालतं जहाज जागच्या जागी थबकतं, माणूस अचानक गोंधळतो तसं. 'बाय अँड लार्ज' म्हणजे आज 'सर्वसाधारणपणे', खलाशांच्या भाषेत 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या जमेल तितकं तोंडाशी जाणं आणि 'लार्ज' म्हणजे वारा पाठीमागून घेऊन जाणं, दोन्ही तऱ्हेने चांगलं चालणारं जहाज म्हणजे एकूणात चांगलं. 'द बिटर एंड' म्हणजे अगदी शेवट, त्याच्याबद्दल मी जरा सांभाळून सांगतो. कॅप्टन जॉन स्मिथच्या १६२७ च्या खलाशांसाठीच्या पुस्तकात 'बिटर' म्हणजे जहाजावरच्या खुंटांभोवती गुंडाळलेला नांगराचा दोर आणि 'बिटर्स एंड' म्हणजे त्या दोराचं जहाजातच राहणारं टोक असं दिलंय, दोर तिथवर संपला म्हणजे पुढे काही उरलं नाही. पण बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात 'तिचा शेवट दवण्यासारखा कडू' अशा अर्थाची ओळ आहे, आणि इंग्रजी वाचकाच्या कानात ती शतकानुशतकं होती. दोन्ही प्रवाह मिसळले असणार.

ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन, त्याची गोष्ट मात्र जरूर सांगा. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. २ एप्रिल १८०१ ला कोपनहेगनच्या लढाईत त्याचा वरिष्ठ अ‍ॅडमिरल हाइड पार्करने माघारीचा संकेत दिला, तेव्हा नेल्सनने दुर्बीण त्या आंधळ्या डोळ्याला लावली आणि मला संकेत दिसत नाही म्हणाला अशी हकिगत आहे, लढाई तो जिंकला. 'टर्न अ ब्लाइंड आय' लोकप्रिय व्हायला ही हकिगत कारणीभूत ठरली, पण जाणूनबुजून काणाडोळा करणं ही कल्पना इंग्रजीत त्याच्या आधीही होती, म्हणून 'नेल्सनमुळे जन्मला' न म्हणता 'नेल्सनमुळे गाजला' म्हणा.

'पास द बक'मध्येही वस्तू धरा. मुलं 'बक' म्हणजे डॉलर समजतात आणि पैसे पुढे सरकवणं असा अर्थ लावतात. हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या पोकरचा शब्द, पत्ते वाटायची पाळी कुणाची ते दाखवायला त्याच्यासमोर एक वस्तू ठेवायचे, बऱ्याचदा हरणाच्या शिंगाची मूठ असलेली सुरी, हरीण म्हणजे बक, अशी त्याची सर्वमान्य फोड आहे. ज्याला पत्ते वाटायचे नसतील तो ती पुढच्याकडे सरकवायचा. जबाबदारी झटकणं हा अर्थ तिथून आला. अध्यक्ष ट्रुमनच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती, ती ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांना मिळाली, ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या तुरुंगात केलेली. आता ही पाटी डॉलर धरून वाचून बघा, अर्थच लागत नाही.

'रेड हेरिंग' म्हणजे मूळ मुद्द्यावरून लक्ष भलतीकडे वळवणारी गोष्ट, हा माझा सगळ्यात आवडता, कारण इथे खोटी गोष्टच वाक्प्रचाराचा खरा उगम आहे. हेरिंग हा मासा खूप मीठ लावून धुरावर टांगला की लालसर तपकिरी होतो आणि उग्र वास मारतो. गोष्ट अशी की शिकारी कुत्र्यांना माग सोडून भलतीकडे न्यायला हा मासा वाटेवर ओढत न्यायचे. असं कुणी सर्रास करत होतं याचा पुरावा नाही. सतराव्या शतकातल्या घोडेस्वारीवरच्या लिखाणात मासा ओढायचा उल्लेख आहे, पण तो घोड्यांना शिकारीच्या धावपळीची सवय व्हावी म्हणून, कुत्र्यांना चकवायला नव्हे. मग अर्थ आला कुठून? विल्यम कॉबेट या पत्रकाराकडून. १४ फेब्रुवारी १८०७ च्या आपल्या साप्ताहिकात त्याने लिहिलं की लहानपणी मी असा मासा ओढून कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवायचो, आणि ही कथा त्याने लंडनच्या वर्तमानपत्रांना लावली, नेपोलियनचा पराभव झाल्याच्या खोट्या बातमीमागे धावून घरचे महत्त्वाचे प्रश्न सोडून दिले म्हणून. कॉबेटचा वाचकवर्ग मोठा होता, त्याने पुढेही ही उपमा वापरली, आणि लोकांना वाटायला लागलं की शिकारीत असं खरंच करतात. ही सगळी साखळी संशोधकांनी अगदी अलीकडे, या शतकात उलगडली.

भाषांतरातून बदललेले वाक्प्रचार वेगळेच. 'कॉल अ स्पेड अ स्पेड' म्हणजे जे आहे ते सरळ बोलणं, हा मूळ ग्रीक, प्राचीन लेखक प्लुटार्कमध्ये, तिथे वस्तू आहे पसरट भांडं किंवा होडी. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये नेताना त्या शब्दाला खणायचं अवजार केलं, आणि १५४२ मध्ये निकोलस उडॉलने इंग्रजीत 'स्पेड' लिहिलं, म्हणजे फावडं. पत्त्यातल्या इस्पिकशी याचा संबंध नाही. याच इरॅस्मसने ग्रीक कथेतल्या पँडोराचा संकटांनी भरलेला रांजण 'पेटी' केला, आणि सगळं जग 'पँडोराज बॉक्स' म्हणायला लागलं. आपल्याकडच्या 'ध'चा 'मा'सारखंच झालं, फक्त इथे कुणाचा जीव गेला नाही. 'थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर', म्हणजे नको ते टाकताना हवं तेही टाकून देणं, हा जर्मनमधला, १५१२ मध्ये थॉमस मुर्नरच्या पुस्तकात बाळ आणि पाणी एकदम फेकणाऱ्या बाईचं लाकडी ठशाचं चित्रसुद्धा आहे, इंग्रजीत तो आला १८४९ मध्ये टॉमस कार्लाइलकडून. एकाच पाण्यात सगळं घर आंघोळ करायचं आणि शेवटी पाणी इतकं गढूळ की बाळ दिसायचंच नाही, ही त्या १९९९ च्या इमेलची भर.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, 'रूल ऑफ थंब'ची, म्हणजे अनुभवावरचा ढोबळ नियम. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची परवानगी इंग्लंडच्या कायद्यात होती म्हणून हा वाक्प्रचार, असं फार लोक सांगतात, चांगल्या हेतूने सांगतात. असा कायदा सापडलेला नाही. १७८२ मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस बुलरने असं काही म्हटल्याची चर्चा झाली आणि जेम्स गिलरेने त्याचं 'जज थंब' म्हणून व्यंगचित्र काढलं, हे खरं. पण वाक्प्रचार त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून, सतराव्या शतकाच्या शेवटी छापील मिळतो, विल्यम होपच्या १६९२ च्या तलवारबाजीवरच्या पुस्तकात 'शास्त्राने नाही, अंगठ्याच्या अंदाजाने' अशा अर्थाने. बायकांना मारहाण व्हायची आणि कायदा डोळेझाक करायचा हे सत्य आहे, ते मुलांना जरूर शिकवा, त्याला या वाक्प्रचाराचा आधार लागत नाही.

आता तपासायचं कुठे. ग्रोसचा कोश आणि 'हॉब्सन-जॉब्सन' दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात, 'चीज', 'दाम', 'छाप' या तीन नोंदी मुलांना प्रोजेक्टरवर दाखवा, मोडकंतोडकं का होईना, त्यांना ते जुनं इंग्रजी वाचता येतं. गुगल बुक्समध्ये वाक्प्रचार अवतरणचिन्हात टाकून वर्षाची मर्यादा १८०० च्या आधीची घाला, पण सालावर लगेच विश्वास नको, पान उघडून मुखपृष्ठ बघा, कारण नवी आवृत्ती जुन्या सालाखाली टाकल्याच्या चुका तिथे बऱ्याच आहेत. आणि मिळालेल्या वाक्यात अर्थ आजचाच आहे का ते आख्खा परिच्छेद वाचून ठरवा, उदाहरणार्थ जुन्या पुस्तकांत 'रेड हेरिंग' ढिगाने मिळेल आणि त्यातला बहुतेक खरोखरचा मासा असेल, ताटातला.